गारगोटीचं पीठ

१२ जानेवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत पत्र कशाला, म्हणाल. समोर बसलात की माझी जीभ उचलत नाही.

वाचनालयातून मूलद्रव्यांच्या नावांवरचं पुस्तक आणलं होतं. त्यात सिलिकॉन सापडलं. हे नाव गारगोटीच्या लॅटिन शब्दावरून आलंय. आधी तो धातू असेल असं वाटून सोडिअम, कॅल्शिअमसारखी धातूची शेपटी लावून नाव सिलिसिअम ठेवलं होतं. पुढे कुणा जाणत्याला कळलं, हे धातू नव्हे, कार्बनसारखं आहे. मग शेपटी बदलून सिलिकॉन केलं. म्हणजे चुकीचं नाव दुरुस्त करता येतं. तिथेच पुस्तक मिटलं.

तुमच्या दादांचा आजार मी सगळ्यांना क्षय म्हणून सांगितला. तुम्हालाही. डॉक्टरांनी कागदावर सिलिकोसिस लिहिलं होतं. मी विचारलं, "म्हणजे मोबाइलमुळे का?" सिलिकॉन मोबाइलमध्ये असतं, तेव्हा मला एवढंच ठाऊक. दादा हसता हसता खोकायला लागले. "अगं, मोबाइल धरायला मला सवड कधी मिळाली?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गिरणीत दळतात त्या गारगोटीचं पीठ छातीत बसलंय, तिथे आणखी कुणी जात असेल तर त्यालाही सांगा.

मी सांगितलं नाही. दादा गेल्यावर गिरणीवाले हे घर काढून घेणार होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, त्यांच्या जागी मी लागतो. घर कुठे जात नाही." कागद तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली होता. मी तुम्हाला डबा भरून दिला. दोन वर्षं रोज देतेय.

परवा भाजी निवडत होते. बाहेरून खोकला आला. दोनदा कोरडा, मग ओढून घेतलेला श्वास. "आले हो," म्हणत मी पेला भरून उठलेसुद्धा. पडद्यापाशी पाहते तर तुम्ही, भुवया पिठाने पांढऱ्या. "थोडी सर्दी आहे, वहिनी." तुम्ही पाणी प्यायलात. मी मात्र त्यांनाच पाणी दिलं होतं. तेव्हापासून घरात कोण खोकतंय, मला सांगता येत नाही.

कागद सोबत ठेवलाय. उद्या गिरणीत जाऊ नका, छातीचा फोटो काढायला जाऊ. घर सोडत असल्याची चिठ्ठी मी आज दुपारी मॅनेजरकडे देऊन आले. आता माझ्यासाठी तुम्ही गिरणीत जायचं काही कारण उरलं नाही.

मला वहिनी म्हणायचं की नाही, ते कागद वाचून ठरवा. तोवर,

तुमच्या दादांची बायको