मुलाखतीतलं उत्तर

प्रिय आई,

तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवते वेळेवर. खोलीही छान आहे, फक्त बोलायला कुणी नाही.

आज विद्यापीठाची मुलाखत झाली. जागा चाळीस आणि आम्ही हजारभर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझी पोहण्याची, वक्तृत्वाची, गणिताची प्रमाणपत्रं चाळली. "सगळंच येतं की तुला! पण मनापासून काय केलंस?"

पाठ केलेलं उत्तर आठवेचना. म्हणाले, "आईला लिहायला-वाचायला शिकवलं." बाईंनी पेन खाली ठेवलं.

बाहेर सगळ्यांचे आईवडील फाटकाशी उभे होते. मी उगाच चपलेचा पट्टा नीट करत बसले.

निकाल महिन्याने आहे. प्रवेश मिळेलच असं नाही. तुझा गुडघा कसा आहे? उत्तर दादाकडून लिहून घेऊ नकोस. चुकलं तरी चालेल, तुझंच अक्षर हवंय मला.

तुझीच,
धाकटी