बेलावरचे भुंगेरे

२६ जुलै १९८२, सोमवार

— त्या दिवशीही सडा झाला, भाकऱ्या झाल्या, आणि मालकांनी माझ्या हातातली बादली घेतली. "बेलाला मी घालतो, तू चुलीकडं बघ." इतकंच. साधी सकाळ होती. दुपारी ते गेले. चार वर्षं झाली त्याला. गळ्यातलं इष्टलिंग तेव्हापासून तळहातावर घेतलं नाही. पूजा करावी असं वाटलंच नाही. त्यांनी लावलेल्या बेलाला पाणी मात्र एक दिवस चुकवलं नाही.

आज श्रावणातला पहिला सोमवार. काल तोडून ठेवलेला बेल देवळातल्या स्वामींनी परत केला. एक पान उजेडात धरून म्हणाले, "गुरम्मा, हे पान हाय का चाळण?"

सगळ्या पानांना भोकं. देवाला अखंड पान लागतं.

२७ जुलै

बघितले. मसुराएवढे भुंगेरे. बोट नेलं की पिसवेसारखी उडी मारतात.

दीर गुरुपादप्पा येऊन बघून गेले. अंगण त्यांचं नि माझं एकच. "वैनी, रोगट झाड हाय. श्रावण सरला की तोडू."

मी म्हटलं, "शेवटच्या सोमवारी अखंड पान हातात देते. मग बोला."

"एक जरी दिलं तर कुऱ्हाड विकून टाकतो," म्हणाले. हसत होते. मी नाही हसले.

३० जुलै

सकाळच्या गारव्यात भुंगेरे सुस्त असतात. खाली ओलं लुगडं पसरून फांद्या हलवते. पडले की रॉकेलच्या डब्यात. तरी दुसऱ्या दिवशी तितकेच.

३ ऑगस्ट

वाण्याच्या पुडीचे कागद मी टाकत नाही — त्यांवरच वाचायला शिकले. आज एका शेतकी कागदावर सापडलं : असल्या किड्यांची अळी मातीत उतरून कोष करते. खुरपं घेऊन बुडाशी उकरलं. मातीच्या खड्यांत पिवळ्या अळ्या!

चूक माझीच. देवळातलं निर्माल्य आमच्या घरानं विहिरीत सोडायचं, असा रिवाज. विहीर चैत्रातच आटली. पायदळी नको म्हणून मी ते बेलाच्या बुडाशी पुरत आले. वरून भांड्यांचं पाणी. किड्यांचं बाळंतपण मीच केलं.

सगळं उपसून उन्हात टाकलं.

९ ऑगस्ट

डब्यात आज चारच.

१५ ऑगस्ट, रविवार

आजपासून लातूर जिल्हा. आमचं उदगीर उस्मानाबादेतून सुटलं. शेजारच्या सरजाबाई पेढा घेऊन आल्या. "जिल्हा झाला म्हणं. आता ढगाला अर्ज कुठं द्यायचा, लातूरला का?" लई हसलो. तीन आठवडे थेंब नाही.

सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून आजच स्टुलावर चढले. कोवळ्या फुटीत एक त्रिदळ मिळालं. उजेडात धरलं. एकही भोक नाही.

त्याच्याजवळचं एक भोकाचंही तोडलं. का, ते कळलं नाही.

१६ ऑगस्ट

अखंड पान भाऊजींच्या हातावर ठेवलं. मग अंघोळ केली, लिंग तळहातावर घेतलं आणि भोकाचं पान त्याला वाहिलं.