खडखडणारी डबी

मंगळवार, संध्याकाळ, आकुर्डी

आज सुनंदा चार महिन्यांनी केंद्रावर आली. लातूरकडची विधवा, चाकणला कंपनीत पॅकिंगला. इतकी वाळलीय की मी तिला ओळखलंच नाही.

"एचआयव्हीच्या गोळ्या का बंद केल्यास?" मी रागावलेच.

"ताई, खोलीत आम्ही पाचजणी. डबी खडखडली की इचारतात, कशाच्या गोळ्या म्हणून."

डबी खडखडते म्हणून? एवढ्यावरून? तिचं वय, शिक्षण, काम, सगळं मीच फॉर्मवर लिहिलं होतं. खोलीत कोण राहतं, हे मात्र कधीच विचारलं नाही. कसली समुपदेशक मी!

डबीत कापूस भरून दिला. तिनं ती कानाशी हलवून पाहिली आणि हसली.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार उशीर झालाय.

तरी मी तिला पुढच्या महिन्याची तारीख दिली.