नाकाजवळचा कोपरा

मंगळवार, नांदेड

दुपारी लातूरहून भाची वृंदा आली. ती औषधांवर संशोधन करते. मी यांच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घातले, तर हे तिच्यासमोरच कुरकुरले, "औषध डोळ्यात, अन् घशात लई कडू लागून राहिलं!"

"थेंब नाकावाटे उतरतात, काका. त्यांनी डोळ्यातला दाब कमी होतो, पण डोळ्यामागच्या नसेपर्यंत औषध जवळजवळ पोचतच नाही." थेट त्या नसेपर्यंत औषध नेणारे बारीक कण तिची मंडळी बनवताहेत.

"मग दे की मला."

"अजून उंदरांवरच चाललंय."

"म्हणजे उंदरांचा नंबर माझ्या आधी?"

ती हसली. मला हसू आलं नाही. यांचा उजवा डोळा गेलाच. डाव्यातली नजर ते औषध येईतोवर टिकेल?

मग तिनं शिकवलं, थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबायचा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. संध्याकाळी थेंब घालून तो कोपरा मीच दाबून धरला.

"झाली का गं दोन मिनिटं?"

"नाही अजून." चक्क खोटं बोलले. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर!

बोट काढल्यावर त्यांनी डावा डोळा उघडला आणि ते माझ्याकडेच बघत राहिले. कुकर शिट्ट्या देत होता. मी उठले नाही. ते बघताहेत तोवर कशाला हलायचं?