राजनंदिनीचा झंपर

३ ऑक्टोबर
सुरेखा झंपराचं कापड शिवायला टाकून गेली. लग्नाचा झंपर! मला वाटलं, भाचीबिचीचा असेल. "न्हाई वो बाई, आमच्या राजनंदिनीचा हाय. बुधवारी लगीन. आत चार बोटं माया सोडा, पोरगी भरंल अजून."

पोरगी चौदाची. आठवीत. तुळशीचं लग्न लागायच्या आधी हिचं उरकायचं, कारण दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघणार. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या पोराला मुकादम विचारत नाही. म्हणून बायको पाहिजे! बायको कसली, अर्धा कोयता!

४ ऑक्टोबर
माप द्यायला राजनंदिनी आली. "मावशी, मला न्हाई जायचं." आणि मी काय बोलले? "हात वर कर." लाज वाटते स्वतःची.

५ ऑक्टोबर, रविवार
केजला प्रार्थनेला गेले. साक्ष देताना आम्ही दरवेळी काय सांगतो — ताप उतरला, हरवलेली म्हैस सापडली, प्रभूची स्तुती असो! आज उभी राहिले आणि काहीच न बोलता खाली बसले.

नंतर पास्टरांना सगळं सांगितलं. "ताई, गावात आपलं एकच घर. उद्या म्हणतील, ही माणसं आमची लग्नं मोडतात. शांत राहून प्रार्थना करा."

प्रार्थना करीनच. पण देवानं तोंड काय फक्त गाणी म्हणायला दिलंय?

६ ऑक्टोबर
१०९८ लावला, पोरांच्या मदतीचा सरकारी नंबर. रिंग वाजायच्या आत कट केला. भित्री!

७ ऑक्टोबर
मुकादम बद्रीनाथ येऊन गेला. माझ्या दुकानाचा गाळा त्याचाच. "बाई, झंपर झाला का? कापायचं काम कात्रीनं करावं, जिभेनं न्हाई." हसत बोलला. तो हसला की जास्त भीती वाटते.

संध्याकाळी गुडघ्यावर बसले. प्रभू, भीती काढून घे. नाही काढली त्यानं! मग म्हटलं, राहू दे, भीतीसकट जाते. तू फक्त बरोबर चल. लोकांनी तुलाही गप्प बसवायला बघितलं होतं. बसलास का?

उद्या सकाळी फोन करायचाच.

८ ऑक्टोबर
लग्न दुपारचं, पण सुरेखाच्या घरच्यांनी सकाळीच लावायला घेतलं. मी फोन करायच्या आत मांडवासमोर जीप! ग्रामसेवक आणि दोन पोलीस. त्या शहाण्या ग्रामसेवकानं भर मांडवात विचारलं, "फोन करणाऱ्या स्वप्नाबाई कोण?"

मी तर फोन केलाच नव्हता! "मी नाही" म्हणाले असते तर ते खरंच होतं. सुटले असते. बद्रीनाथ माझ्याकडेच बघत होता. पण मी सुटले की पोरगी अडकली!

पुढे झाले. "स्वप्ना मीच. पोरगी चौदाची हाय. शाळेत चला, दाखला बघा."

लग्न थांबलं! सुरेखानं सगळ्या गावादेखत शिव्या घातल्या. बद्रीनाथ म्हणाला, "गाळा आजच खाली कर." केला! आमच्या यांनी एकट्यानं मशीन उचलून घरी आणली.

पण माझं नाव दिलं कुणी?

१० ऑक्टोबर
राजनंदिनी आली, दप्तर घेऊन. मान खाली.

"मावशी, फोन मी केलता. नाव इचारलं, तर तुमचं सांगितलं."

"माझंच कावून गं?"

"तुमी मागं सरणार न्हाई, ठावं होतं मला."

मला नव्हतं.