दिव्यातली मरळ

एटापल्ली,
ऑगस्ट १९८४

प्रिय बाई,

तुझ्या धाकट्या भावाचा, लहानूचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? पोरीचं बाळंतपण नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. तुझ्या मदतीला आलेली तुझी भावजय, आमची कांता, कामाला वाघ आहे (रागालाही). माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं तेवढं सांगता येत नाही.

पावसाळ्यातला वर्षावास संपेपर्यंत मासळी-मटण बंद, हा ठराव विहारात मीच मांडला होता. टाळ्या पडल्या. वर कांता सगळ्यांसमोर उभी राहून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "याईची हमी माह्याकडं." मग ती तुझ्याकडे नागभीडला आली, इथं झड लागली आणि तळ्यावरचा डोमाभाऊ हातभर मरळ घेऊन दारात उभा राहिला. आता तूच सांग, बाई. तळली. अशी खरपूस तळली की तुझी आठवण आली.

मासळी पोटात लपते, तेल कुठं लपवायचं? कढईत गडवाभर जवसाचं तेल उरलं. थोडं मोरीत ओतलं, मोरी तुंबली. थोडं उकिरड्यावर ओतलं, तर मोहल्ल्यातली कुत्री तिथं सभा भरवून बसली (अध्यक्ष आमचाच खंड्या). उरलेलं फेकायला हात उचलला की तेल वाया घालवल्याबद्दल बसलेला आईचा फटका आठवे. मग डोकं चाललं. विहारातल्या दिव्यांची पाळी माझीच होती. तेल फडक्यानं गाळलं आणि दिवे भरले. सफाईही झाली, पुण्यही लागलं!

वंदना झाली, सोमाजीभाऊंनी ग्रंथवाचन सुरू केलं आणि दिवे तापले. बाई, काय तो घमघमाट! लसूण, हळद, मरळ! आधी मांजर आली. सोमाजीभाऊंनी आवंढा गिळून तीच ओळ पुन्हा वाचली. मी घामाघूम. आता कोणीतरी विचारणार, आणि कांताची मान माझ्यापायी खाली जाणार. पण विचारतो कोण? सोमाजीभाऊ हळूच स्वतःची बोटं हुंगत होते. रुखमाबाई पदर हुंगत होत्या. मागची रांग तर हात पाठीशी लपवूनच बसली होती. शेवटी रुखमाबाई उठल्या. "जवस जुना दिसते. खिडकी उघडा ना, काऊन बसले सारे?" "हो हो, जवसच!" सगळा विहार एका सुरात म्हणाला. मला असं हसू फुटलं की 'साधू' म्हणताना ठसका लागला.

तुझा,
लहानू

ता. क. राख, लिंबू, उदबत्ती, सगळं झालं, पण घराचा वास जात नाही. बाळाला तिच्याशिवाय झोप येत नाही असं सांगून कांताला आठवडाभर ठेवून घे. तिनं हमी घेतली होती गं. तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कांतानं पाठवलेला चकल्यांचा डबा एसटीच्या कंडक्टरनं आणून दिला. एक खाल्ली. दुसरी हुंगली. बाई, खरं सांग, त्या कढईत चकल्यांच्या आधी काय तळलं होतं, मरळ की शिंगाडा मासा? कांताला पहिल्याच गाडीनं पाठव. फक्त उरलेलं तेल तिच्यासोबत देऊ नको. पुढच्या आठवड्यात दिव्यांची पाळी सोमाजीभाऊंची आहे, आणि त्यांच्याकडे त्यांचं असेलच.