आईच्या रक्ताचा कागद

अण्णा, आईला गरमीचा रोग नव्हता. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं.

मी तेव्हा सातवीत होते. आईचं तिसरं बाळ पोटातच गेलं, म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. तो कागद घेऊन तुम्ही तीर्थपुरीला घरी आलात आणि चप्पलही न काढता तिच्यापुढे उभे राहिलात. ती भांडी घासते आहे, हात राखेनं भरलेले. "कुठून आणलं तू हे?" तुम्ही विचारता. "मला काय म्हाईत," एवढंच ती म्हणते. बाहेरख्याली माणसांचा रोग तो, शेजारणींनी मला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा ताट-तांब्या वेगळा झाला. इंजेक्शनं घेऊन ती लंगडत घरी यायची. तुम्ही स्वतःचं रक्त मात्र कधी तपासून घेतलं नाही. कशाला घ्याल, गावचे मास्तर तुम्ही. चौतिसाव्या वर्षी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला, तोंड वाकडं झालं, आठवड्यात ती गेली. तेराव्याला तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "तिचं तिनं भोगलं."

गेल्या महिन्यात माझंही दुसरं बाळ गेलं. हाताला मुंग्या येतात म्हणून औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली. मी एकतीस वर्षांची, आणि त्या रक्तवाहिन्यांच्या भिंती म्हातारीच्या असाव्यात तशा जाड झाल्यात. शरीर आपल्याच रक्ताच्या वाईटावर उठतं, बाई म्हणाल्या. रक्त नको तिथे गोठतं, बाळं जातात, ऐन तरुणपणी अर्धांगवायू होतो. आणि याच आजारात गरमी नसतानाही ती कागदावर दिसते. माझ्याही कागदावर दिसली. बाईंनी दुसरी तपासणी करून ती खोटी ठरवली. एक दुसरी तपासणी, अण्णा. पोरांच्या उत्तरपत्रिका तुम्ही तीनतीनदा तपासायचात.

मग बाईंनी विचारलं, माहेरी कुणाला असं काही झालं होतं का? आमचे हे शेजारीच बसले होते. आईची गोष्ट निघाली तर त्यांच्या मनात काय येईल, या विचारानं मी आधी त्यांच्याकडे पाहिलं. तिच्यावरचा डाग पुसायची एवढी एकच वेळ मला मिळाली होती. मी म्हणाले, "न्हाई, कुणालाच न्हाई."

हे खरं तर आईला लिहायला हवं होतं. तिला लिहायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.